तीन सोनेरी गरुड आणि मालक नसलेला झेंडा: कायर्नार्वनशायरची केस

१ एप्रिल १९७४ ला वेल्सच्या वायव्य कोपऱ्यातली कायर्नार्वनशायर नावाची काउंटी कारभाराच्या नकाशावरून गेली, आणि मार्च २०१२ मध्ये तिचा झेंडा रजिस्टर झाला. म्हणजे काउंटी काउन्सिल बंद झाल्यावर ३८ वर्षांनी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथेच अडकलो, कारण ज्या जिल्ह्याला ऑफिस नाही, अध्यक्ष नाही, शिक्का नाही, त्याचा झेंडा नक्की कोण ठरवतं, आणि तो खरा आहे हे कोण सांगतं? मग महिनोन्‌महिने जमेल तसं वाचत गेलो. हे सगळं एका जागी नीट मांडायचं खूप दिवस मनात होतं, कारण या झेंड्याबद्दल जी गोष्ट सांगितली जाते ती अर्धी चुकीची आहे असं माझं ठाम मत झालंय आणि तरीही झेंडा मात्र अस्सल आहे असंही मला तितकंच ठामपणे वाटतं.

आधी नाव. स्पेलिंग Caernarfon, पण वेल्शमध्ये एकट्या एफचा उच्चार व होतो, दोन एफ आले तरच फ, म्हणून कायर्नार्वन. कायर म्हणजे किल्ला, आर्वन म्हणजे मोनच्या समोरचा भाग, आणि मोन म्हणजे अँगलसी बेट. थोडक्यात, मोनसमोरचा किल्ला. काउंटीला वेल्शमध्ये म्हणतात शीर गायर्नार्वन, कारण या भाषेत शब्दाचं पहिलं अक्षर मागच्या शब्दाप्रमाणे बदलतं, क चा ग होतो. कायर्नार्वन गावात आजही ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक वेल्श बोलतात, दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकापाशी, आणि भाषा जपून ठेवलेल्या माणसांच्या गावाचा झेंडा म्हणूनच मला त्याच्याकडे जास्त ओढ वाटली.

झेंडा दिसतो असा: पूर्ण हिरवं कापड आणि त्यावर मधोमध एका ओळीत तीन सोनेरी गरुड. बास. अक्षरं नाहीत, बॉर्डर नाही. प्रत्येक गरुड छाती समोर करून, दोन्ही पंख दोन्हीकडे उघडून, पाय फाकवून, नख्या दाखवत, शेपटी खाली सोडून उभा आहे आणि मान तेवढी काठीच्या बाजूला वळवलेली. युरोपातल्या कुलचिन्हांच्या शास्त्रात या पोजला ठरलेलं नाव आहे, आणि तीन आकृत्या आडव्या एका रांगेत बसवायलाही ठरलेला शब्द आहे, त्यामुळे अख्खा झेंडा पाच-सहा शब्दांत सांगून होतो. या शास्त्रात चिन्हाची व्याख्या म्हणजे चित्र नसतं, वर्णनाचं वाक्य असतं, आणि त्या वाक्यात बसेल असा कुठलाही गरुड चालतो, मग कुणी लांब मानेचा काढा कुणी जाड पंखांचा काढा, झेंडा तोच राहतो.

आता नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. हे चिन्ह ओवेन ग्विनेडचं, म्हणजे ११३७ ते ११७० या काळात ग्विनेडवर, वायव्य वेल्समधल्या जुन्या राज्यावर, राज्य करणाऱ्या राजाचं, आणि १४१५ साली इंग्लंड-फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत कायर्नार्वनशायरचे सैनिक हाच झेंडा घेऊन लढले. ऐकायला एकदम भारी वाटतं. पण दोन्ही दावे वेगवेगळे धरून तपासले की काय होतं ते बघा.

पहिला दावा ओवेनचा. ओवेन हा काही साधा राजा नव्हता, वेल्श राजांमधला खरोखर मोठा माणूस. मामेबहीण क्रिस्टिनशी लग्न केलं आणि तिला सोडायला नकार दिला म्हणून चर्चने बहिष्कृत केला, तरी मेल्यावर त्याला बँगोरच्या कॅथेड्रलमध्येच पुरलं, आणि बँगोर म्हणजे याच काउंटीतलं. ११८८ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप बाल्डविन तिकडून गेले तेव्हा त्यांनी तिथल्या बिशपला सांगितलं की याचं शव पवित्र जागेतून हलवा. इतका वाद ज्याच्या हाडांवरून झाला त्याच्या निशाणाची समकालीन नोंद असती तर मजाच आली असती, पण कालगणनाच जुळत नाही. ढालीवर ठरावीक चिन्ह काढायचं आणि ते बापाकडून मुलाकडे द्यायचं ही पद्धत पश्चिम युरोपात बाराव्या शतकाच्या मध्यात नुकती रुजत होती, आणि वेल्समध्ये तर ती अजून उशिरा पोचली. ग्विनेडच्या राजघराण्याचं खरंखुरं चिन्ह आपल्याला माहीत आहे ते तेराव्या शतकातलं: चार चौकोन, लाल आणि सोनेरी, प्रत्येकात एक सिंह, रंग उलटसुलट. पुढे इंग्लंडविरुद्ध बंड करणाऱ्या ओवेन ग्लिनडूर या वेल्श नेत्यानेही तेच सिंह वापरले. गरुड नाहीत.

मग गरुड आले कुठून? तर भाटांकडून. आपल्याकडे जसे वंशावळी सांगणारे भाट होते, तसेच वेल्समध्ये कवी-वंशावळकार होते, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकात कुलचिन्हांची फॅशन जोरात आली तेव्हा त्यांनी जुन्या राजांना आणि टोळीप्रमुखांना मागाहून चिन्हं बहाल केली, कारण प्रत्येक जमीनदार घराण्याला आपला मूळपुरुष आणि त्याचं चिन्ह हवं होतं. ओवेन ग्विनेडच्या वाट्याला हिरव्यावर तीन सोनेरी गरुड आले. याला लबाडी म्हणावं असं मला वाटत नाही, त्या काळच्या लोकांना वाटायचं की मोठ्या माणसाला चिन्ह असणारच, फक्त ते शोधून काढायचंय. आपल्याकडेही हे झालंय, १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात रॉबर्ट टेलर नावाच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने बनवलेली युरोपियन पद्धतीची चिन्हं साटनच्या झेंड्यांवर काढून संस्थानिकांना देण्यात आली, त्यात शिंदे, होळकर, गायकवाड ही मराठी घराणीही होती. फरक इतकाच की तिकडे परक्या सत्तेने दिली आणि इकडे घरच्याच भाटांनी, आणि माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

दुसरा दावा अ‍ॅजिनकोर्टचा. याचं मूळ एकच आहे, मायकेल ड्रेटन या इंग्लिश कवीने त्या लढाईवर लिहिलेली मोठी कविता, छापली गेली १६२७ मध्ये, म्हणजे लढाईनंतर २१२ वर्षांनी. त्यात तो एकेका काउंटीचे सैनिक एकेक निशाण घेऊन चाललेत असं वर्णन करतो, कार्डिगनकडे खडकावर बसलेली मत्स्यकन्या, मेरियोनेथकडे उगवत्या सूर्यासमोर नाचणाऱ्या तीन बकऱ्या, आणि कायर्नार्वनकडे तीन सोनेरी गरुड, ज्यांच्याखाली पूर्वी ओवेन लढला होता. ड्रेटनला काउंट्यांचं वेडच होतं, त्याआधी त्याने इंग्लंड आणि वेल्सच्या भूगोलावर हजारो ओळींचं काव्य लिहून ठेवलं होतं. पण १४१५ मध्ये काउंटीला निशाण असणं हीच कल्पना नव्हती. सैन्य कॅप्टनच्या, सरदाराच्या झेंड्याखाली चालायचं, आणि पाचव्या हेन्रीच्या माणसांना अंगावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस लावायचा हुकूम होता.

आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तेव्हाची परिस्थिती. १४०० मध्ये ग्लिनडूरचं बंड सुरू झालं. नोव्हेंबर १४०१ मध्ये त्याने खुद्द कायर्नार्वनच्या भिंतींसमोर पांढऱ्या कापडावर सोनेरी ड्रॅगनचं निशाण उभारलं, पुढे किल्ल्याला वेढेही पडले आणि आत बसलेल्या इंग्लिश शिबंदीने ते परतवले. १४०२ मध्ये वेल्श लोकांवर निर्बंध घालणारे कायदे झाले. अशा ठिकाणची माणसं जेमतेम दहा-बारा वर्षांत इंग्लंडच्या राजाच्या फौजेत एका वेल्श राजाचं निशाण उघड मिरवत गेली असतील हे मला अजिबात पटत नाही. १४१५ साठी वेल्समधून जी धनुर्धाऱ्यांची भरती झाली, साधारण ५०० माणसांची, ती दक्षिणेकडची, ब्रेकन, कार्मार्थन, कार्डिगन या भागातली. उत्तर अजून राजाच्या विश्वासातली नव्हती.

तर अ‍ॅजिनकोर्टची गोष्ट गेली. पण कविता गेली नाही, आणि इथेच ही केस मला खरी इंटरेस्टिंग वाटते. ड्रेटन १४१५ चा साक्षीदार म्हणून बाद आहे, पण १६२७ चा साक्षीदार म्हणून तो पक्का आहे. त्याच्या काळात लंडनमधल्या वाचकाला कायर्नार्वन म्हटलं की तीन सोनेरी गरुड पटत होते, हे त्याच्या ओळींतून सिद्ध होतं.

त्याला हे कुठून सुचलं असेल? माझा अंदाज सांगतो, अंदाजच समजा. काउंटीच्या पूर्व सीमेवर, कॉनवी नदीच्या काठी, लानरूस्ट गावाच्या पलीकडच्या तीरावर ग्विडिर नावाचा वाडा आहे. तिथले सर जॉन विन, जन्म १५५३, हे काउंटीतलं सगळ्यात वजनदार प्रस्थ. पार्लमेंटमध्ये काउंटीचे प्रतिनिधी होऊन गेलेले, १६११ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळालेले. यांनी स्वतःच्या घराण्याचा इतिहास लिहून काढला आणि त्यातला मुख्य धागा हाच की आपण ओवेन ग्विनेडच्या वंशातले. त्यांचं कुलचिन्ह काय, तर हिरव्यावर एका रांगेत तीन सोनेरी गरुड. जशास तसं. ते वारले तेही १६२७ मध्येच. म्हणजे ज्या काळात हे चिन्ह काउंटीचं म्हणून कवितेत आलं त्या काळात काउंटीतलं सगळ्यात मोठं घराणं ते शिक्क्यावर आणि ढालीवर वापरत होतं. घराण्याचं चिन्ह हळूहळू मुलखाचं झालं असणार, हे मला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त पटण्यासारखं वाटतं.

पण थांबा, गरुडाचा धागा यापेक्षा मागे जातो, आणि तो विनांकडून आलेला नाही.

कायर्नार्वनचा किल्ला पहिल्या एडवर्डने १२८३ मध्ये वेल्स जिंकल्यावर बांधायला घेतला. त्याच्या पश्चिम टोकाला जो सगळ्यात मोठा बुरूज आहे त्याचं नावच ईगल टॉवर, त्याच्या डोक्यावर तीन छोटे मनोरे, आणि त्या मनोऱ्यांवर एकेकाळी दगडी गरुड बसवलेले होते. मी तिथे गेलो होतो तेव्हा खाली घाटावर उभा राहून बराच वेळ मान वर करून बघत राहिलो, भिंतीत वेगळ्या रंगाच्या दगडांचे आडवे पट्टे दिसतात, बुरूज गोल नाहीत तर कोनांचे आहेत. अभ्यासक याची तुलना कॉन्स्टँटिनोपलच्या तटबंदीशी करतात. एडवर्डला इथे रोमन साम्राज्याची आठवण उभी करायची होती, कारण गावाच्या वरच्या अंगाला सेगोन्टियम नावाचा रोमन किल्ला होता, इसवी सन ७७ च्या सुमारास उभारलेला, आणि त्याच्याशी मॅक्सेन म्हणजे रोमन सम्राट मॅग्नस मॅक्सिमसची दंतकथा जोडलेली होती. किल्ल्याचं काम सुरू झालं त्याच १२८३ मध्ये मॅक्सिमसचं म्हणून एक शव सापडलं आणि राजाच्या हुकमावरून ते सन्मानाने पुरलं, अशी नोंद आहे. म्हणजे बुरुजावरचे गरुड वेल्श राजाचे नव्हते, वेल्स जिंकणाऱ्या राजाने स्वतःला सम्राटाच्या रांगेत बसवण्यासाठी आणलेले होते.

तरी ते फक्त जेत्याचेच होते असंही म्हणता येत नाही. मॅक्सेनच्या स्वप्नाची मध्ययुगीन वेल्श कथा आहे, त्यात सम्राटाला स्वप्नात नदीच्या मुखाशी, बेटासमोर एक किल्ला दिसतो आणि आत हस्तिदंती खुर्चीवर पांढऱ्या केसांचा म्हातारा बसलेला असतो, आणि त्या खुर्चीवर लालसर सोन्याचे दोन गरुड असतात. नंतर दूत शोधत शोधत येतात तो किल्ला कायर्नार्वनचा निघतो. तुम्ही सांगा, कायर्नार्वन आणि सोनेरी गरुड ही जोडी याहून स्पष्ट कुठे सापडणार! शिवाय जेराल्ड ऑफ वेल्स हा त्या काळचा धर्मगुरू-लेखक, तो ११८८ मध्ये बाल्डविनबरोबर याच भागातून फिरला, त्याने एरिरीच्या डोंगरातल्या एका गरुडाची लोककथा टिपून ठेवलीये, की तो ठरलेल्या दिवशी एका दगडावर येऊन बसतो, युद्धाची आणि प्रेतांची वाट बघतो, आणि चोच घासून घासून त्याने दगडाला जवळजवळ भोक पाडलंय. ओवेन वारून तेव्हा १८ वर्षं झाली होती. एरिरी हे डोंगरांचं नाव, इंग्रजीत स्नोडोनिया, आणि वेल्शमध्ये गरुडाला म्हणतात एरिर. पिढ्यान्‌पिढ्या लोक मानत आले की एरिरी म्हणजे गरुडांचं घर. भाषातज्ज्ञांनी दाखवून दिलंय की तो शब्द मुळात उंच प्रदेश अशा अर्थाचा आहे, पण लोकांच्या कानाला जे ऐकू आलं ते आलं, आणि झेंड्यावरचं चिन्ह टिकायला हे कानाला ऐकू येणंच कामाला येतं.

एक गोष्ट इथेच सांगतो, काही जण सरळ म्हणून टाकतात की हे सेगोन्टियमच्या रोमन फौजेचे गरुड. तसं नाही. गरुडाचं निशाण लीजनला, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या मुख्य पलटणीला असायचं आणि सेगोन्टियमला होती ती सहायक तुकडी, तिला गरुड नसायचा.

आता २०१२ चं रजिस्ट्रेशन. आधी त्यामागची अडचण समजून घ्या. ब्रिटनमध्ये काउंट्यांना स्वतःचे असे झेंडे बहुतेक नव्हतेच. काउंटी काउन्सिलं आली १८८९ मध्ये, त्यांनी कुलचिन्हं घेतली, पण ते चिन्ह त्या काउन्सिलच्या मालकीचं, तुम्ही-आम्ही ते घराबाहेर लावायचं नाही. १९७४ मध्ये कायर्नार्वनशायर, अँगलसी आणि मेरियोनेथचा बराचसा भाग मिळून ग्विनेड ही मोठी काउंटी झाली. १९९६ मध्ये पुन्हा तुकडे पाडले, तेव्हा नव्या काउन्सिलचं कायद्यातलं नाव होतं कायर्नार्वनशायर अँड मेरियोनेथशायर, आणि काउन्सिलने आल्या आल्या ते बदलून ग्विनेड करून टाकलं. जुन्या काउंटीचा पूर्वेकडचा भाग, कॉनवी गाव, लँडुडनो वगैरे, तर भलत्याच काउन्सिलकडे गेला. त्यामुळे जुनी कायर्नार्वनशायर आज दोन काउन्सिलांत विभागलीये आणि दोघांपैकी एकही तिचं नाव लावत नाही. आपल्याकडे जिल्ह्यांना झेंडे नसतात, आपली ओळख गाडीच्या नंबरप्लेटवर, एमएच १२ की एमएच ०९ यावर निघते. समजा ती सिरीजच बंद झाली आणि गाव दोन जिल्ह्यांत वाटलं गेलं, तर माणसं स्वतःला कुठलं म्हणवतील, तसा हा प्रश्न.

उत्तर दिलं फ्लॅग इन्स्टिट्यूटने. ही १९७१ पासूनची संस्था, सरकारी खातं नाही, तिच्याकडे यूके फ्लॅग रजिस्ट्री आहे. तिथे नोंद झाली म्हणजे कायद्याने काही होत नाही, फक्त हा या ठिकाणचा मान्य झेंडा आणि तो सगळ्यांसाठी मोकळा आहे असं ठरतं. काही काउंट्यांमध्ये स्पर्धा घेतात, लोकांचं मतदान होतं. पण जिथे जुनं, आधीपासून चालत आलेलं डिझाईन असतं तिथे ते पारंपरिक म्हणून घेता येतं, आणि कायर्नार्वनशायरचा झेंडा याच वाटेने आला. १६२७ पासूनचा संबंध दाखवता येतो, चिन्ह कुठल्या चालू काउन्सिलच्या मालकीचं नाही, दुसऱ्या कुणाच्या झेंड्याशी जुळत नाही. कायर्नार्वन गावाच्या चिन्हातही हिरव्यावरचे तेच गरुड आहेत. निर्णय बरोबर होता असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन स्पर्धा घेतली असती तर डोंगर, समुद्र आणि किल्ल्याची आउटलाइन असलेला कुठल्याही टुरिस्ट बोर्डाचा लोगो हाती आला असता. ड्रेटनच्याच ओळींमधल्या मेरियोनेथच्या तीन बकऱ्या आणि सूर्य हाही झेंडा पुढे २०१५ मध्ये रजिस्टर झाला, म्हणजे एका कवीच्या कल्पनेतून शेजारशेजारच्या दोन काउंट्यांना चारशे वर्षांनी झेंडे मिळाले.

डिझाईन म्हणून बघितलं तर रंगांना मी पूर्ण मार्क देईन. कुलचिन्हांचा मूळ नियम असा की सोनं-चांदी हे धातू आणि लाल-निळा-हिरवा-काळा हे रंग, धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको. सोनेरी गरुड हिरव्यावर म्हणजे धातू रंगावर, म्हणून ढगाळ हवेतही, आणि तिथे हवा बहुतेक ढगाळच असते, तो लांबून उठून दिसतो. वेल्सच्या राष्ट्रीय झेंड्यातही हिरवं आहे, पण पूर्ण हिरवं कापड फार कमी ठिकाणी दिसतं, त्यामुळे गोंधळ होत नाही.

अडचण आहे ती रांगेची. ढाल उभी असते, तिच्यात तीन गरुड एका ओळीत कोंबल्यासारखे बसतात, झेंडा आडवा असल्याने त्यांना जागा मिळते, हा फायदा. पण ओळीच्या वर आणि खाली हिरवा पट्टा रिकामा राहतो आणि गरुडांचा आकार वाढवता येत नाही, कारण वाढवला की पंखाला पंख लागतो. वारा नसेल तेव्हा कापड घडी पडून लोंबतं आणि काठीजवळचा एकच गरुड दिसतो. आणि झेंडा नेहमी मोकळ्या टोकाकडून विरतो. लिन द्वीपकल्पाकडे जाताना एका घराच्या फाटकाला बांधलेला मी पाहिला, समुद्रावरचा वारा खाऊन त्याच्या तिसऱ्या गरुडाचा उजवा पंख दोऱ्या-दोऱ्यांनी सुटला होता, पहिले दोन मात्र कोरे करकरीत. घरमालकाने कडेला जाड टीप मारून घेतलेली दिसत होती, म्हणजे एकदा फाटल्यावर पुन्हा शिवून लावलेला.

माझी सूचना एवढीच आहे की झेंड्याची माहिती देताना अ‍ॅजिनकोर्टचं वाक्य काढून तिथे ग्विडिरचा वाडा, ईगल टॉवर आणि मॅक्सेनची खुर्ची यांची नोंद यावी, आणि ओवेनचं नाव ठेवायचं असेल तर भाटांनी त्याला दिलेलं चिन्ह असं स्पष्ट लिहून ठेवावं. कापडावर काहीच बदलायला नको.